नाक चपटं की लांब? पहिला कुत्रा आणण्याआधी स्वतःच्या आवडी तपासायची रीत

कुत्रा घ्यायचं ठरलं की चार माणसं हमखास सांगतात, "रूप बघू नका, स्वभाव बघा." सांगणाऱ्याच्या घरी मात्र सोनेरी केसांचा रिट्रीव्हर सोफ्यावर लोळत असतो. मला हा सल्ला कधी पटला नाही. बारा वर्षं रोज पहाटे जे तोंड आपल्या तोंडाला येऊन भिडणार, ते आवडायला नको? आवडावंच. फक्त त्या आवडीची किंमत कोण मोजणार, हे आधी बघून घ्यावं. काही आवडींची किंमत आपण मोजतो: झाडू, वेळ, पैसे, शेजाऱ्यांची बोलणी. काहींची किंमत ते जनावर मोजतं, कधी कधी श्वासानिशी. पहिल्या जातीच्या आवडी खुशाल जपा. दुसऱ्या जातीच्या सोडून द्या, कितीही गोड वाटल्या तरी.

ओळखीतले लोक हल्ली मला "कुत्रं बघायला" सोबत नेतात, स्थळ बघायला जाणत्या काकांना न्यावं तसं. त्या फेऱ्यांमधून जी रीत बसली ती पुढे लिहितो. पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्या, बहुतेक फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मंडळींसाठी ही आहे.

पायरी १: घरातल्या प्रत्येकाने एकट्याने बसून यादी करायची

कागद घ्या, एकमेकांना न दाखवता लिहा. दोन रकाने: "हवं" आणि "नको". लाजायचं नाही. "शेपूट झुपकेदार हवं", "माझ्या पोराला उचलता यावं", "फोटोत छान दिसावं", "कुठली जात आहे हे सांगताना बरं वाटावं" हे सगळं लिहायचं. न लिहिलेली आवड जात नाही. ती पिल्लू विकत घ्यायच्या क्षणी बाहेर येते आणि तेव्हा तिला कोणी अडवू शकत नाही.

माझी यादी सांगतो. लाळ नको, अजिबात नको. कान उभे हवेत. पांढरा रंग नको, कारण जून ते सप्टेंबर पुण्यातला चिखल मी रोज पुसणार नाही. आमच्या आईच्या यादीत एकच ओळ होती: "काळा नको." त्याच आठवड्यात शेजारच्या काकू काळ्याच पिल्लाच्या शोधात होत्या, शनीसाठी. भैरवाचं वाहन कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाच्या चित्रातही घोड्यासोबत कुत्रा धावतोय. पण रंगाचं कौतुक आणि रंगाची धास्ती आपल्याकडे एकाच वाड्यात नांदते. गावाकडे तर नख्या मोजतात. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशा साधारण अठरा नख्या असतात. मागे जादा नख असलं की पिल्लू वीसनखी, म्हणजे राखणीला तिखट, असा समज. नखाचा आणि तिखटपणाचा काही संबंध नाही. उलट ते जादा नख लोंबतं असलं तर कुठेतरी अडकून फाटतं, म्हणून वेळच्या वेळी कापत राहावं लागतं.

"नको" चा रकाना "हवं" पेक्षा कामाचा असतो. हव्या असलेल्या गोष्टीची सवय होऊन सहा महिन्यांत तिचं अप्रूप संपतं. नकोशी गोष्ट मात्र रोज नव्याने खुपते. लाळेची किळस असेल तर सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ, बॉक्सर अशा लोंबत्या ओठांच्या जाती तिथेच कटाप. या कुत्र्यांनी मान झटकली की लाळ भिंतीवर जाते. अतिशयोक्ती नाही, मी पंख्याच्या पात्यावर पाहिली आहे. आवाज सहन होत नसेल तर बीगलचा विचार सोडा. ससे हुडकताना शिकाऱ्याला लांबून ऐकू जावं म्हणून त्याचा गळा घडवलेला आहे, आणि तुमच्या सोसायटीत ससे नसले तरी मांजरी आहेत. आपण ज्याला सरसकट "पॉमेरियन" म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. बिचारा आपल्या हवेला चांगला सरावलेला, पण लिफ्टचं दार वाजलं की त्याला मत मांडायचं असतं.

पायरी २: प्रत्येक आवडीपुढे "किंमत कोण देणार?" हे लिहायचं

खरं काम इथे आहे. घाई करू नका.

*केस.* आखूड केस म्हणजे गळणार नाहीत, हा सगळ्यात मोठा गैरसमज. लॅब्राडोरचे केस वर्षभर गळतात, आखूड आणि ताठ असल्यामुळे कापडात सुईसारखे रुततात आणि काळ्या पँटवर बसले की धुण्यानेही हलत नाहीत. उलट शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस फार गळत नाहीत, पण आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढत राहतात. रोज विंचरले नाहीत तर काखेत, कानामागे गुंता होतो, तो कातडी ओढतो, आणि मुंबईच्या दमट हवेत त्याखाली फोड येतात. म्हणजे निवड अशी: झाडू की फणी? दोन्हीचा कंटाळा असेल तर उगाच मन मारू नका, पाचवी पायरी आधी वाचा.

हस्कीचं प्रकरण वेगळं. निळे डोळे, लांडग्यासारखा चेहरा, सगळ्यांची नजर जाते. पण तो दुहेरी कोट (आत मऊ दाट लोकर, वर लांब केस) सायबेरियातल्या थंडीत बर्फावर गाडी ओढण्यासाठी आहे. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. "आम्ही एसी लावू" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, फिरायला कुठे नेणार, हॉलमध्ये? मग कोणीतरी सुचवतं, उन्हाळ्यात केस भादरून टाकू. ते तर मुळीच नको. दुहेरी कोटामुळे ऊनही थेट कातडीला लागत नाही. एकदा भादरला की तो अनेकदा ठिगळाठिगळाने उगवतो. इथे किंमत कुत्रा देतो. माझं मत सरळ आहे: महाराष्ट्राच्या सपाटीवर हस्की, मालाम्यूट, सेंट बर्नार्ड आणू नये.

*रंग.* काळा, पिवळा, चॉकलेटी ही लॅब्राडोरची तीन रूपं एकाच आईच्या एकाच विणीत निघू शकतात. तेव्हा "काळे लॅब शांत, पिवळे प्रेमळ" असली ब्रीडरची (पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याची) वाक्यं एका कानाने ऐका. पण रंगामागे फार धावण्याचा एक तोटा खरा आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या लॅब्राडोरांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. चॉकलेटी कुत्र्यांचं मध्यम आयुर्मान १०.७ वर्षं निघालं, बाकी रंगांचं १२.१. कानाचे आणि कातडीचे त्रासही चॉकलेटीत जास्त. संशोधकांचा अंदाज असा की रंग विष नाही. हा रंग उतरायला तो जनुक आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून रंगासाठी जोड्या लावणारे लोक त्याच त्या थोड्या घराण्यांत फिरत राहतात. आपल्याकडची भाऊबंदकीतली लग्नं आठवा.

म्हणून "दुर्मीळ रंग" हा शब्द ऐकला की पाकीट खिशात ठेवा. रुपेरी लॅब, निळा अमुक, ठिपक्याठिपक्यांचा मर्ल तमुक, यांना दुप्पट भाव सांगतात. मर्ल रंगाचे नर आणि मादी एकत्र आणले तर काही पिल्लं बहिरी, आंधळी निघू शकतात. पांढऱ्या रंगाशी बहिरेपणाचं नातं डाल्मेशियनमध्ये प्रसिद्ध आहे, आणि आपल्या दक्षिणेकडच्या पांढऱ्याशुभ्र राजापालयममध्येही तो आढळतो. असं पिल्लू बघायला गेलात तर त्याचं लक्ष नसताना मागून किल्ल्या वाजवा. भावंडांमधून त्याला बाजूला घेऊन मगच. नाहीतर बाकीची वळली म्हणून तेही वळतं आणि आपण फसतो.

काळ्या रंगाची किंमत मात्र तुम्हीच द्याल, आणि ती परवडण्यासारखी आहे. पावसाळ्यात गोचीड काळ्या केसांत दिसत नाही, बोटांनी चाचपून शोधावी लागते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचीडतापाने चांगली धडधाकट कुत्री आठवड्यात आडवी होतात, म्हणून हे चाचपणं रोजचं. दहा मिनिटं लागतात. आमच्या घरात शेवटी काळंच आलं. आता आई त्याच्याशिवाय जेवत नाही.

*नाक.* २००३ मध्ये मोबाइल कंपनी हचच्या जाहिरातीत एका पोरामागे पग चालला आणि देशभर घराघरांत पग आले. त्याआधी तो रस्त्यात क्वचितच दिसायचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, नाकातल्या आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून अंग थंड करतो. चपट्या तोंडात त्यासाठी जागाच कमी. आत टाळूचं मांस तेवढंच राहतं, ते श्वासनलिकेच्या तोंडाशी गोळा होतं. आपण ज्याला "किती गोड घोरतो" म्हणतो तो त्याचा रोजचा झगडा असतो. पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच. अनेक विमान कंपन्या या कुत्र्यांना सामानाच्या भागातून न्यायला नकार देतात, ते उगाच नाही.

विकणारा "पंच फेस आहे" म्हणून जास्त पैसे मागतो, म्हणजे जितकं नाक आत तितका भाव. इथे आवड सोडा असं मी स्पष्ट म्हणेन. चपट्या तोंडावाचून चालतच नसेल तर कोणीतरी सोडून दिलेला मोठा पग दत्तक घ्या. निवाऱ्यांमध्ये ते येतात. त्यांची सोय होईल आणि नवीन विणीला तुमचा पैसा जाणार नाही. त्यातही नाकपुड्या स्वल्पविरामासारख्या मिटलेल्या नसून उघड्या आहेत ना, हे डॉक्टरकडून बघून घ्या.

*आकार.* "टीकप", म्हणजे कपात मावेल इतका इवलासा कुत्रा, अशी जात कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या जगातल्या कुठल्याच प्रमुख केनेल क्लबच्या यादीत नाही. विणीतलं सगळ्यात अशक्त पिल्लू किंवा वेळेआधी आईपासून तोडलेलं पिल्लू, असा त्याचा अर्थ बऱ्याचदा निघतो. सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडतो. दुसऱ्या टोकाला "डबल बोन", म्हणजे जाडजूड हाडापेराचा. हाही बाजारातला शब्द, हाड कोणाचंच दुप्पट नसतं. लॅब गुबगुबीत हवा म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये एक जनुकीय बदल असतो, ज्यामुळे ते अन्नामागे जास्त धावतात आणि त्यांचं वजन वाढतं. तेव्हा तो ताटाकडे बघून डोळे भरून आणतो ते नाटकही नाही आणि उपासमारही नाही.

*कान आणि शेपूट.* डॉबरमनचे कान जन्मतः लोंबते असतात, शेपूट लांब असतं. फोटोत दिसतं ते कापलेलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराचा अवयव छाटणं क्रूरता धरलं आहे. उभेच कान आवडत असतील तर निसर्गाने उभे दिलेले पुष्कळ कुत्रे आहेत. कॉकर स्पॅनियलचे लांब कान आवडत असतील तर ते तुमच्या खर्चाच्या रकान्यात टाका: पावसाळ्यात आत हवा खेळत नाही, कान कोरडे ठेवायचं काम लागतं.

पायरी ३: "स्वभावाने घ्या" या सल्ल्यालाही एकदा तपासा

आता थोडी उलटी गोष्ट. २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात अमेरिकेतल्या अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं निघालं. जातीवरून ठामपणे कळतं ते रूप: केस, आकार, कान, रंग. स्वभाव त्या-त्या कुत्र्याचा, त्याच्या आईचा, त्याला मिळालेल्या पहिल्या काही महिन्यांचा.

म्हणजे "गोल्डन घेतला, आता पोरांशी चांगलाच राहील" हे गृहीत धरणं रूपावर भाळण्याइतकंच वरवरचं आहे. लोकांना वाटतं आपण फार विचार करून स्वभाव निवडला. प्रत्यक्षात जातीचं नाव निवडलेलं असतं. हाच हिशेब रुबाबासाठी रॉटवायलर आणणाऱ्यांना लागू. साखळी जाड घेतली म्हणून कुत्रा राखणदार होत नाही, आणि शेजारी घाबरले तर त्रास तुम्हालाच. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने रॉटवायलर, पिटबुलसह तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कागदावरून बंदी गेली, पण लिफ्टमधल्या काकांच्या डोक्यातून गेली नाही.

पायरी ४: पिल्लाआधी मोठा कुत्रा बघा

पिल्लू पाहून जात निवडू नका. सगळी पिल्लं गोड असतात, ती त्यांची जगायची तजवीज आहे. शिवाय रूप बदलतं. अनेक जातींत पिल्लांचे डोळे सुरुवातीला निळसर असतात आणि पुढे तपकिरी होतात. डाल्मेशियन ठिपक्यांशिवाय जन्मतो. जर्मन शेफर्डचे कान चार-पाच महिन्यांपर्यंत एक वर, एक खाली असे हेलकावे खातात आणि काळं पिल्लू पुढे बरंच पिंगट होतं.

सकाळी साडेसहाला पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा मुंबईत शिवाजी पार्कात जा. तासाभरात अर्धी यादी प्रत्यक्ष बघायला मिळते. मालकांना "कसा आहे हो?" विचारू नका, सगळे "बेस्ट" म्हणतात. "याचा सगळ्यात वैताग कशाचा येतो?" असं विचारा. मग थांबवता थांबत नाहीत. जमलं तर एका घरी तासभर बसा, तेही अंघोळीला आठवडा झालेल्या कुत्र्याच्या घरी. वास कळतो, सोफ्याची अवस्था कळते. निळ्या डोळ्यांवर जीव जडलेल्या एका मित्राला मी असाच एका हस्कीच्या घरी नेला होता. चहा येईपर्यंत कुत्र्याने तीनदा गळा काढला, आणि कपात केस निघाला. मित्राने परतताना गाडीत एक शब्द काढला नाही.

पायरी ५: "कुठली जात?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा

गावठी कुत्रा बहुतेकांच्या यादीतच नसतो, आणि कारण रूप नसतं. गावठी पिल्लू दिसायला देखणंच असतं: आखूड कोट, उभे कान, बदामी डोळे, वळलेली शेपटी, अंगाला फारसा वास नाही. अडचण येते पाहुण्यांपुढे. "कुठली जात?" "गावठी." मग एक बारीकसा "अच्छा". त्या "अच्छा"ची भीती वाटते का, ते यादीत प्रामाणिकपणे लिहा. वाटत असेल तरी हरकत नाही, पण ती भीती आहे हे माहीत असू द्या. आमच्या काळ्याला कोणी विचारलं की मी "सदाशिव पेठी" म्हणतो. अर्धे लोक मान डोलावतात.

एक खबरदारी: गावठी पिल्लू किती मोठं होणार हे सांगता येत नाही. आई दिसली तर बरं, बाप कोण ते देव जाणे. आकाराबाबत ताठर असाल तर वर्षभराचं, वाढ झालेलं घ्या.

देशी जातींत आपला कारवानी आहे, मराठवाड्याकडचा, पलीकडे कर्नाटकात मुधोळ. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ आणि राजापालयम दोन्ही होते. हे नजरेने शिकार करणारे, पळणारे कुत्रे. बरगड्या दिसणं ही त्यांची धडधाकट अवस्था. शहरात मात्र लोक मालकाला थांबवून विचारतात, "खायला घालत नाही का?" परक्याने अंगाला हात लावलेला त्यांना खपत नाही आणि मोकळं रान लागतं. शेत असेल तर जरूर बघा, दोन खोल्यांत आणू नका.

पायरी ६: कागदपत्रं

२०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. केनेल क्लबचा दाखला वंशावळीचा असतो, तब्येतीचा नाही. नितंबाच्या सांध्याची तपासणी आई-बापांची झाली आहे का, हे लॅब, गोल्डन आणि शेफर्डच्या बाबतीत वेगळं विचारा. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना यांचं बघून घ्या.

पायरी ७: शेवटी दोन पिल्लं समोर असतील तेव्हा

दोन्हींचे डोळे स्वच्छ, दोन्ही नीट खेळतायत, दोघांच्या आईने तुमचा हात हुंगला आणि शेपूट हलवलं. डॉक्टर म्हणाले, काहीच फरक नाही. आता मात्र बेलाशक रूपावर जा. ज्याच्या छातीवर पांढरा डाग आहे ते उचला, किंवा ज्याचा एक कान पडलेला आहे ते. कोणाला कारण देऊ नका.

येताना जुना टॉवेल आणि जाड प्लास्टिक मांडीवर घ्या. पिल्लाला निघण्याआधी दोनेक तास खायला देऊ नका असं आधीच सांगून ठेवा. तरी बहुतेक पिल्लं पहिल्या मोठ्या वळणावर ओकतात.